एसीचं पाणी

खत घालायचं नाही, हे पहिलं कलम.
घरी ते कोणाला पटलं नाही.
“खाऊ न घालता कोणी वाढते का?” ही म्हणाली,
आणि माझी पाठ वळताच
चहाचा चोथा घेऊन निघाली.
वाटेत पकडली म्हणून झाड वाचलं.

बोर्निओतल्या कुठल्याशा ओल्या जंगलाची घटपर्णी.
कुरियरने आली डिसेंबरात,
भिजवलेल्या वर्तमानपत्रात, करंगळीएवढी.
चिठ्ठीत लिहिलं होतं : नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच,
क्षार साचले की मुळं जळतात.
मी हसलो.
बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मीच भरत होतो.
फेब्रुवारीत रिटायर झालो.
पेन्शन सुरू झाली, पाणी बंद.

मानेवाड्यात नळाच्या पाण्याची
किटलीच्या बुडाशी पांढरी खरवड धरते.
ते मी पितो. तिला कसं देऊ?

मार्चमध्ये, कपडे काढायला गच्चीवर गेलो तेव्हा
शेजारच्या खोब्रागड्यांच्या एसीची नळी
आमच्या भिंतीवर ठिबकताना दिसली.
वाटीत धरलं, मीटर बुडवलं.
सहा.
नळाचं साडेतीनशे यायचं.

“काहून जी, आमच्या एसीचं पाणी पिता का आता?”
शेवंतावहिनी खिडकीतून.
मी झाडाचं सांगितलं.
त्यांनी आत वळून नवऱ्याला सांगितलं,
आणि आतून, खोकल्याच्या दोन उबळींमधून,
सुखदेवरावांचं हसू आलं.
अजनीच्या लोको शेडमधला फिटर,
फुफ्फुसं गेलेली, दिवसरात्र त्याच खोलीत.
दुसऱ्या दिवशी नळीला तारेने बांधलेली बादली होती.

नागपूरच्या उन्हाळ्यात हवेत पाणी नसतं.
ओठ सांगतात, टाचा सांगतात,
प्रयोगशाळेतला ओला-कोरडा तापमापक सांगायचा.
मग रोज पाऊण बादली आली कुठून?
हे मला फार उशिरा सुचलं :
ओल्या पंच्यातून, शेकाच्या भांड्यातून,
अंगाच्या घामातून,
आणि जो श्वास घेणं त्यांना इतकं जड जात होतं
तो सोडताना.

घटपर्णी कूलरच्या वाऱ्यात, वाळ्याच्या वासात,
जुन्या फिशटँकमध्ये बसली.
पानाच्या टोकाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला
तांदळाएवढी गाठ.
हवा कोरडी पडली की ती गाठ वाळून जाते, घट धरत नाही.
सात वाळल्या.
आठवी फुगली.

सुखदेवराव एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले.
तेराव्या दिवसापर्यंत मी नळीकडे पाहिलं नाही.
पाहिलं तेव्हा बादलीत धूळ होती, एक मेलेली गांधीलमाशी.
मागणार कसं?
मी कॅन विकत आणले, इतवारीतून, बॅटरीवाल्याकडून,
आणि हिला किंमत निम्मी सांगितली.

नवतपा लागला. पारा सत्तेचाळीस.
तिसऱ्या दुपारी ठिबक ऐकू आलं.
“बंद ठेवलं की बिघडून जाते म्हणतात,”
वहिनी खिडकीतूनच म्हणाल्या, मी काही विचारण्याआधी.
“म्हणून लावते घंटाभर.”

रिकाम्या खोलीतून इतकं पाणी पडत नाही.
हे मला माहीत आहे, हेच माझं काम होतं.
परवा पडदा जरा सरकला होता :
पलंगाच्या दांडीवर, खुर्चीच्या पाठीवर,
खिळ्याला बांधलेल्या दोरीवर
पिळून टाकलेली लुगडी,
नि मध्ये त्या, हात मांडीवर घेऊन,
बंद दारात बसलेल्या.
बाहेर असं ऊन, की लुगडं
दहा मिनिटांत पापडासारखं वाळावं.

मी मागे सरकलो.

आठव्या घटाचं झाकण काल उघडलं.
आत त्याचं स्वतःचं पाणी आहे, बोटभर.
एक मुंगी काठावरून वाकून बघत होती.
वहिनींना बोलवावं म्हणतो.
दाखवायला.
ही म्हणते, बोलवा, पण चहा मी करते,
आणि चोथ्याचं नाव काढू नका.